गर्भाशय काढल्यानंतरची स्त्री : शुचिता, परिचर्या आणि आपली जबाबदारी

गर्भाशय काढून टाकण्याचे शस्त्रकर्म, ग्रामीण बोलीत सांगायचे तर 'पिशवी काढणे', ही आपल्या भागात आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. शस्त्रकर्म पुण्यात, बारामतीस, अहिल्यानगरास किंवा तालुक्याच्या एखाद्या खासगी रुग्णालयात होते. चार-पाच दिवसांत स्त्री घरी येते. आठ-दहा दिवसांनी टाके निघतात आणि तिचा व शल्यचिकित्सकाचा संबंध बहुधा तेथेच संपतो. पुढील दोन-तीन महिन्यांत तिला जे जे होते, म्हणजे स्राव, दुर्गंध, जळजळ, मलावष्टंभ, कंबरदुखी, भीती, ते विचारण्यास ती शहरात जात नाही. ती गावच्या वैद्याकडे येते, आणि त्याच्याही आधी औषधालयाच्या गल्ल्यावर येऊन हलक्या आवाजात काही मागते. तेव्हा शस्त्रकर्म आपण केलेले नसले, तरी पश्चात्कर्माचा मोठा भाग आपल्याच हाती येतो. तो नीट पार पडतो काय, याचा विचार वैद्यवर्ग व औषधालयचालक या दोघांनीही करावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

ऊसपट्ट्यातील प्रश्नाचे स्वरूप

शिरूर आणि दौंड हे भीमा व घोड या नद्यांच्या पाण्यावर आणि कालव्यांवर पोसलेले तालुके. दौंड तालुक्यात पाटस व आलेगाव येथे साखर कारखाने आहेत, शिरूर तालुक्यात न्हावऱ्यास घोडगंगा कारखाना उभा राहिला, आणि केडगाव-यवतच्या बाजूस गुऱ्हाळांची रांग आहे. दिवाळीच्या आसपास बीड, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येथे उतरतात आणि गाळप संपेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, शेताच्या कडेला कोपी घालून राहतात. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतलेली असते. ती टनांच्या हिशेबाने फेडावयाची असते, आणि कामावर न गेल्यास खाड्याचा दंड बसतो.

या स्त्रियांच्या आरोग्याकडे सगळ्या देशाचे लक्ष २०१९ साली गेले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याचे प्रमाण असाधारण असल्याच्या बातम्या त्या वर्षी प्रसिद्ध झाल्या; विधिमंडळात प्रश्न उपस्थित झाला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरांत सुमारे १७. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ साली, १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशात ३.२ टक्के आणि महाराष्ट्रात २.६ टक्के होते. दोन्ही आकड्यांतील वयोगट काटेकोरपणे सारखे नसले, तरी अंतर इतके मोठे आहे की त्यास योगायोग म्हणता येत नाही.

हा प्रश्न बीडचा म्हणून आपण बाजूस ठेवू शकत नाही. ज्या स्त्रियांची ही पाहणी झाली, त्यांच्यासारख्याच स्त्रिया वर्षातील पाच-सहा महिने आपल्या परिसरात, आपल्या दवाखान्यांपासून हाकेच्या अंतरावर राहतात. दिवाळीपूर्वी गावी शस्त्रकर्म करून घेतलेली स्त्री सहा आठवडे पूर्ण होण्याच्या आत फडात उभी राहते. तिचा अंतर्व्रण भरून यावयाचा असतो, तो काळ आपल्याच शिवारात जातो. शिवाय येथील स्थायिक शेतकरी कुटुंबांत, रांजणगाव औद्योगिक क्षेत्रातील कामगारांच्या घरांत आणि दौंडच्या रेल्वे वसाहतीतही अशा स्त्रिया आहेत. परिस्थिती निराळी असली, तरी शरीराचे नियम सर्वांना सारखेच.

ही सूतिका नव्हे

आमच्या मते पहिली गल्लत येथे होते. 'पिशवी काढली' म्हणजे 'बाळंतपणासारखेच काही झाले' अशी घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांची समजूत असते, आणि त्या मायेने सूतिका परिचर्येतील सर्व गोष्टी सुरू करतात. पोट घट्ट बांधणे, अंगाला तेल चोळून कढत पाण्याची आंघोळ, बाजेखाली शेगडी, ओवा-वावडिंग-बाळंतशेपेची धुरी, आणि वर डिंकाचे व अळिवाचे लाडू. कित्येक वेळा वैद्यही यास मान डोलावतो.

सूतिकेच्या शरीरात गर्भाशय असतो व तो हळूहळू आकुंचन पावून पूर्वस्थितीस येतो. मार्ग शिवलेला नसतो. आतील स्राव बाहेर पडू देणे हेच तेथे हितकर असते. गर्भाशय काढलेल्या स्त्रीच्या शरीरात योनिमार्गाचे वरचे टोक शिवून बंद केलेले असते. त्या शिवणीच्या पलीकडे उदरपोकळी, आतडी आणि पुढच्या बाजूस मूत्राशय असतो. शस्त्रकर्म पोट उघडून झालेले असो, दुर्बिणीने असो वा योनिमार्गाने असो, ही आतली शिवण बहुतेकींना असतेच. गर्भाशयमुख राखून वरचा भागच काढला असेल, तरच ती नसते. म्हणून ही स्त्री सूतिका नसून 'व्रणिता' आहे, आणि तिच्यासाठी आधार घ्यावयाचा तो सुश्रुताचार्यांच्या सूत्रस्थानातील एकोणिसाव्या, व्रणितोपासनीय अध्यायाचा. स्वच्छ व निवाऱ्याची जागा, शुभ्र धुतलेली वस्त्रे, कापलेली नखे, श्रम व मैथुन यांचा त्याग, मन प्रसन्न राखणारी माणसे जवळ असणे, असा तेथील उपदेशाचा आशय आहे. आजच्या कोणत्याही रुग्णालयाच्या सूचनापत्रात याहून निराळे काय सांगितलेले असते?

धुरी व शेगडीसंबंधी स्पष्ट सांगावयास हवे. शस्त्रकर्मानंतर त्या भागाची संवेदना काही काळ मंद असू शकते; कढत शेकाने भाजले तरी चटकन कळत नाही. ओल्या टाक्यांवर धूर व राख जाणे इष्ट नाही. पोट आवळून बांधल्याने आतली शिवण सांधत नाही; उलट खाली दाब वाढतो. शल्यचिकित्सकाने पट्टा सांगितला असेल तर तो त्यांच्या सूचनेप्रमाणे वापरावा, एवढेच.

योनिधावन, पिचू, उत्तरबस्ती : केव्हा नको

वैद्यबंधूंकडून येथे एक रास्त आक्षेप येतो. योनिव्यापदांच्या चिकित्सेत धावन, पिचुधारण, उत्तरबस्ती यांना शास्त्राने स्थान दिले आहे. चरकाचार्यांच्या चिकित्सास्थानातील तिसावा अध्याय त्यासाठी प्रसिद्ध आहे. मग त्रिफळा वा पंचवल्कल क्वाथाने धावन केले तर बिघडले कोठे? क्वाथ तर व्रणरोपकच आहे.

उत्तर द्रव्यात नाही, अवस्थेत आहे. ते उपक्रम अवयव जागेवर असलेल्या स्त्रीच्या व्याधीसाठी सांगितले आहेत. येथे योनिमार्गाच्या टोकास ताजी शिवण आहे. दाबाने सोडलेले पाणी, मग ते साधे असो वा क्वाथाचे, बाह्य भागातील जंतू आत नेते, शिवणीवर आपटते आणि ती कच्ची असेल तर पलीकडेही जाऊ शकते. योनिमार्गाचा स्वाभाविक अम्लभाव व तेथील उपकारक जंतू हेच त्याचे पहिले संरक्षण. वारंवार धावनाने ते धुऊन जाते. पिचू आत ठेवल्यास स्राव अडतो व दूषित होतो. व्रणास अकाली हात लावू नये, हे शल्यतंत्राच्या अभ्यासकास वेगळे सांगण्याची गरज नाही.

म्हणून आमचा स्पष्ट आग्रह असा : शस्त्रकर्मानंतर किमान ८ आठवडे योनिमार्गात काहीही घालू नये. धावन नाही, पिचू नाही, वर्ती नाही, उत्तरबस्ती नाही, तुरटीचा खडा नाही, मलम नाही. अपवाद एकच, तो म्हणजे शल्यचिकित्सकाने स्वतः लिहून दिलेले औषध. आठ आठवड्यांनंतरही शिवण पूर्ण भरल्याचे स्त्रीरोगतज्ज्ञाने तपासून सांगितल्यावाचून स्थानिक उपक्रम सुरू करू नयेत. मात्राबस्ती, अवगाह, योगबस्ती यांनाही हाच नियम लावावा.

शुचितेचे साधे नियम

रुग्णेस सांगावयाच्या गोष्टी थोड्या व सोप्या असाव्यात. त्या पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१. बाहेरील भाग दिवसातून दोनदा व शौचानंतर साध्या, स्वच्छ, कोमट पाण्याने धुवावा. पाणी वरून ओतावे. आत बोट घालून धुऊ नये. साबण लावायचाच तर सौम्य व केवळ बाहेरच्या त्वचेस.

२. धुण्याची व पुसण्याची दिशा नेहमी पुढून मागे असावी. गुदमार्गाकडील जंतू पुढे येऊ नयेत, हा त्यातील हेतू.

३. नंतर मऊ, धुतलेल्या कापडाने टिपून कोरडे करावे, घासू नये.

४. स्राव असेतो बाहेरून लावावयाची पट्टी वा घडी वापरावी व ती भिजली नसली तरी ४ ते ६ तासांनी बदलावी. कापड वापरणाऱ्या स्त्रीने ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. कोपीच्या कोपऱ्यात, उसाच्या पाचटाखाली लपवून वाळवलेले कापड दमट राहते व त्यातच दोष वाढतो.

५. उभ्याने, अंगावर पाणी घेऊन आंघोळ करावी. टाकीत, नदीत, कालव्यात उतरून किंवा टबात बसून आंघोळ ६ ते ८ आठवडे नको.

६. पोटावर टाके असतील तर ते रोज पाहावेत, कोरडे ठेवावेत. त्यावर हळद, राख, शेंदूर वा तेल लावू नये.

७. सुती, सैल अंतर्वस्त्रे वापरावीत. ती रोज बदलावीत.

पाचव्या नियमाविषयी आपल्या भागापुरते अधिक सांगणे आवश्यक आहे. पुणे शहराचे सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडस व वाळकीच्या परिसरात भीमेस मिळते. तेथून खालच्या काठावरील वस्त्यांना नदीचे पाणी काय प्रतीचे मिळते, हे आपण सर्व जण जाणतो. कालव्याचे वाहते पाणी दिसण्यास निर्मळ असले तरी ते शुद्ध नव्हे. कोपीवर राहणाऱ्या स्त्रीस 'स्वच्छ पाणी वापर' असे सांगून भागत नाही. तिला असे सांगावे : पाणी दुहेरी फडक्याने गाळ, उकळी फुटल्यावर काही मिनिटे उकळू दे, झाकून कोमट होऊ दे, आणि दिवसभरासाठी एक तांब्या व झाकणाचे भांडे वेगळे ठेव. शेत मालकाच्या बोअरचे पाणी मिळण्याची व्यवस्था वैद्याने एका शब्दाने करून दिली, तर ती औषधापेक्षा मोलाची ठरते.

प्राकृत काय, धोक्याचे काय

शस्त्रकर्मानंतर पहिले काही दिवस लालसर, पुढे तपकिरी व मग पिवळसर-पांढुरका असा थोडा स्राव ४ ते ६ आठवडे असू शकतो. विरघळणारे टाके सुटू लागतात तेव्हा, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर, स्राव किंचित वाढतो व धाग्याचे बारीक तुकडेही पडतात. हे प्राकृत होय. रुग्णेस हे आधीच सांगितले, तर ती घाबरून तुरटीच्या पाण्याकडे वळत नाही.

परंतु पुढील लक्षणे दिसताच आपली चिकित्सा थांबवून तिला शल्यचिकित्सकाकडे किंवा जवळच्या ग्रामीण अथवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवावे :

१. ताप, थंडी, वाढत जाणारी ओटीपोटातील वेदना, दुर्गंधी वा पुवासारखा स्राव.

२. लाल भडक रक्तस्राव. तासाभरात एक पट्टी भिजत असेल तर विनाविलंब.

३. लघवीस आग, वारंवारता, अडकणे किंवा कमरेच्या एका बाजूस कळ व ताप.

४. एका पायाच्या पोटरीस सूज, वेदना, उष्णता. अचानक धाप किंवा छातीत दुखणे. शिरेतील रक्त गोठल्याची ही चिन्हे असू शकतात.

५. पोट फुगणे, वात न सरणे, उलट्या.

६. पोटावरील टाके लाल होणे, उघडणे, पाझरणे.

यांत आणखी दोन गोष्टी घालाव्या लागतात. त्या चुकण्याचा संभव अधिक म्हणून त्यांचा वेगळा उल्लेख करतो.

पहिली, 'पाण्यासारखे अंगावर जाणे'. शस्त्रकर्मानंतर एक-दोन आठवड्यांत सतत, दिवसरात्र, पाण्यासारखा पातळ स्राव सुरू झाला, तर तो श्वेतप्रदर समजून लोध्र-पुष्यानुग देण्याची घाई करू नये. मूत्राशय वा मूत्रवाहिनी आणि योनिमार्ग यांत छिद्र पडल्यास मूत्र असे ठिबकते. कापडास लघवीचा वास येतो काय, हे विचारावे. हा विकार आपल्या औषधांनी बरा होणारा नाही. जितक्या लवकर ती तज्ज्ञाकडे पोचेल तितके तिचे हाल कमी.

दुसरी, शिवण उसवणे. हे क्वचित घडते, परंतु अकाली मैथुन, जड उचलणे वा कुंथणे यांनंतर घडू शकते. एकदम पाणी वा रक्त येऊन दाब जाणवतो. अतिशय विरळा आतड्याचा भाग योनिमार्गात उतरतो. अशा वेळी तो आत ढकलण्याचा प्रयत्न करू नये. उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये भिजवलेले स्वच्छ कापड हलकेच वर ठेवावे, स्त्रीस पाय दुमडून उताणे निजवावे, तोंडाने काही देऊ नये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

आहार, विहार, श्रम

मलावष्टंभ हा या काळातील मोठा शत्रू. कुंथण्याचा सर्व जोर शिवणीवर येतो. पहिल्या आठवड्यात मऊ भात, मुगाचे वरण, ज्वारीची पातळ कण्हेरी, शिजलेल्या दुधी-दोडक्याची भाजी, ताक व पुरेसे कोमट पाणी असावे. डिंकाचे लाडू, तळलेले व मैद्याचे पदार्थ यांनी भूक मंदावलेल्या स्त्रीस लाभ होत नाही. इसबगोल वा सौम्य अनुलोमक पुरेसे असते. तीव्र विरेचन कटाक्षाने टाळावे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ साली, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया पांडुग्रस्त आढळल्या. वर्षानुवर्षे अतिरक्तस्राव सोसून शस्त्रकर्मास गेलेली स्त्री यातच मोडण्याचा संभव अधिक. तेव्हा हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. लोहकल्प चहा-दुधाबरोबर देऊ नये आणि लोह व कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

चालणे पहिल्या दिवसापासून हितकर. अंथरुणास खिळून राहिल्याने रक्त गोठण्याचा धोका वाढतो. उचलणे मात्र नको. सहा आठवडे चार-पाच किलोंहून अधिक वजन उचलू नये. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, हा हिशेब सांगितला की भरलेला हंडा का नको हे स्त्रीस व तिच्या सासूस लगेच उमगते. ऊसतोडीत स्त्री तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत जाते. ते काम तीन महिने तरी नको, आणि नंतरही तपासणी करूनच.

येथेच खरी अडचण आहे. उचल फिटली नसताना तीन महिने कोण थांबणार? ही परिस्थिती वैद्य बदलू शकत नाही, हे खरे. तरी मुकादम व नवरा यांना समोर बसवून 'ही बाई सहा आठवड्यांच्या आत मोळी उचलेल तर पुन्हा रुग्णालयात जाईल, आणि त्याचा खर्च खाड्याहून मोठा असेल' असे वैद्याने सांगितले, तर त्याचा उपयोग होतो. तसे लेखी प्रमाणपत्र द्यावे. तोडणी जमलीच नाही तर स्वयंपाक, मुलांचा सांभाळ, वाढे बांधण्याचे हलके काम अशी वाटणी टोळीतच करता येते. मैथुनवर्जनाविषयीही नवऱ्याशी स्पष्ट, संकोचरहित बोलावे. किमान ८ आठवडे व तपासणीनंतरच. हे सांगण्याचा भार त्या स्त्रीवर टाकू नये.

औषधालयाच्या गल्ल्यावर

औषधालयचालक बंधूंस काही विनंत्या :

योनिशुद्धीचे द्रावण, सुगंधी धावन, तुरटीयुक्त गोळ्या मागणाऱ्या स्त्रीस एकच प्रश्न विचारावा, 'अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे काय?' होकार आल्यास वस्तू देऊ नये, वैद्याकडे पाठवावे. प्रश्न विचारण्यास दुकानातील एखादी स्त्री सहायक असल्यास उत्तम. नसल्यास गर्दीपासून थोडे बाजूस घेऊन बोलावे.

शस्त्रकर्मानंतर अनेकींना मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या लिहून दिलेल्या असतात. त्या चालू असताना व संपल्यावर किमान ३ दिवस दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट यांसारखे आसवारिष्ट देऊ नये; त्यांत स्वयंनिर्मित मद्यांश असतो. मधुमेही स्त्रीस अरिष्टातील गूळ-साखरेचीही आठवण द्यावी. रक्त पातळ करणारे औषध चालू असता गुग्गुळकल्प व लसूणकल्प वैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत. रक्तदाब असलेल्या स्त्रीस ज्येष्ठमधाचे दीर्घकाळ सेवन नको. कर्करोगासाठी शस्त्रकर्म झालेल्या स्त्रीस शतावरीसारखी द्रव्ये तिच्या कर्करोगतज्ज्ञाशी विचारविनिमय केल्यावाचून देऊ नयेत.

गर्भाशयविकार समूळ बरे करण्याची हमी देणारे फलक दुकानात लावू नयेत. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने अशा जाहिरातींस मनाई केली आहे. कायदा बाजूस ठेवला तरी, अशी हमी वाचून एखादी स्त्री रक्तस्रावाची तपासणी लांबणीवर टाकते, हे विसरू नये.

कागदपत्रे आणि पुढील आयुष्य

पहिल्याच भेटीत रुग्णालयाचे कार्ड मागून चार गोष्टी पाहाव्यात : शस्त्रकर्म कशासाठी झाले, गर्भाशयमुख काढले की ठेवले, दोन्ही बीजकोश राखले की काढले, आणि काढलेल्या अवयवाच्या ऊतितपासणीचा अहवाल काय. अहवाल रुग्णेजवळ नसेल तर तो मागवून घेण्यास लावावे. कर्करोगाचे निदान केवळ अहवाल न पाहिल्यामुळे दुर्लक्षित राहणे याहून मोठे दुर्दैव नाही.

गर्भाशयमुख राखले असल्यास त्याच्या कर्करोगाची नियमित तपासणी चालू ठेवावी लागते. दोन्ही बीजकोश काढले असल्यास रजोनिवृत्ती त्याच दिवशी ओढवते. अंगातून वाफा निघणे, निद्रानाश, चिडचिड, योनिशुष्कता ही लक्षणे लगेच दिसतात. अस्थिक्षय व हृद्रोगाचा धोका हळूहळू वाढतो. पंचेचाळिशीच्या आत असे घडल्यास, विरोधी कारण नसेल तर, स्वाभाविक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरक द्यावे असे आधुनिक शास्त्राचे मत आहे. रसायनचिकित्सा, दूध-नाचणी-तीळ, सूर्यप्रकाश व व्यायाम यांचे मोल मोठेच. परंतु ते या उपचाराला पर्याय म्हणून सांगू नये, जोड म्हणून सांगावे.

पोकळी राहते, वारा शिरतो, ताकद कायमची जाते, नवऱ्यास बायको उपयोगाची राहत नाही, अशा समजुतींनी स्त्री आतून खचते. गर्भाशयाची जागा आतडी सहज भरून काढतात, व्रण भरल्यावर वैवाहिक जीवन पूर्ववत होऊ शकते, हे तिला व तिच्या घरच्यांना शांतपणे सांगावे. सांगणारा आपल्या ओळखीचा वैद्य असला की विश्वास बसतो.

शस्त्रकर्मापूर्वीचा प्रश्न

शेवटी, ज्याविषयी आपल्या मंडळींत फारसे बोलले जात नाही ते. पांढरे जाणे, पाळीच्या वेळी पोट दुखणे, अनियमित रक्तस्राव एवढ्या तक्रारींवरून 'पिशवी खराब झाली, पुढे कर्करोग होईल' असे भय घालून तिशीतील स्त्रियांची गर्भाशये काढली गेली, हे बीडच्या प्रकरणाने उघड केले. शहाणी स्त्रीसुद्धा त्या शब्दाने घाबरते. अशी रुग्णा शल्यचिकित्सकाकडे पोचण्यापूर्वी बहुधा आपल्यापैकी कोणाकडे तरी येऊन गेलेली असते. मग आपण तिला काय सांगतो? पाठवणीमागे पाकीट घेणारा हात आपल्या व्यवसायात एकही असू नये.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक गर्भाशयोच्छेदन रोखण्यासाठी २०२२ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत राष्ट्र, राज्य व जिल्हा पातळीवर देखरेख समित्यांची तरतूद आहे. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ही तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत असा आदेश दिला. आपल्या पातळीवर याचा अर्थ सोपा आहे. श्वेतप्रदर असलेल्या स्त्रीची आधी जंतुसंसर्गासाठी तपासणी व चिकित्सा व्हावी, तिच्या पतीचीही गरजेप्रमाणे व्हावी. अतिरक्तस्रावात हिमोग्लोबिन, थायरॉइड व सोनोग्राफी पाहावी. औषधे व संप्रेरकयुक्त तांबीसारखे उपाय आधी विचारात घ्यावेत. पस्तिशीतील स्त्रीस गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला असेल तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घेण्यास लावावे. मात्र कर्करोगाचे निदान झाले असेल, गाठी मोठ्या असतील किंवा रक्तस्राव कशानेच थांबत नसेल, तर शस्त्रकर्म जीव वाचवते. तेथे काढ्यांच्या आशेवर कालहरण करणे हाही तितकाच मोठा अपराध होय.

पुढील हंगामापूर्वी शिरूर व दौंड येथील सदस्यांनी दोन कामे हाती घ्यावीत, असे आम्ही सुचवितो. वरील शुचितेचे नियम व धोक्याची चिन्हे एका पानावर, मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक दवाखान्यात व औषधालयात ठेवावीत; वाचता न येणाऱ्या स्त्रीस ती वाचून दाखवावीत. आणि आपापल्या गावाजवळ टोळ्या उतरल्या की आशा सेविकेस सोबत घेऊन एक संध्याकाळ कोप्यांवर काढावी. कोणाचे शस्त्रकर्म अलीकडे झाले आहे, एवढे विचारले तरी पुरे. उरलेले काम काय करावयाचे, ते त्या उत्तरातूनच कळेल.